बुर्ज खलिफाची बर्फी

आमच्या विहीणबाई बोलतात गोड, पण बोट बरोबर दुखतं तिथंच ठेवतात. मनीषनगरातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. लेकीला दिवस गेल्याचं कळल्यावर त्या भेटायला आल्या, आणि मी भाजी घेऊन कठडा धरून, दर वळणावर थांबत वर येताना त्यांनी पाहिलं. चहा पिताना म्हणाल्या, “तुमचंच तुम्हाले चढणं होऊन नाही राहिलं वं, बाळंतपणाची धावपळ कशी करान? पोरीले आमच्याकडंच राहू द्या. आमच्याकडं लिफ्ट आहे.”

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कुणाला सांगावंही लागत नाही. माझ्या आईचं झालं, माझं झालं, आणि माझ्या लेकीचं एका लिफ्टपायी सासरी? लेक-जावई पुण्यात असतात. सातव्या महिन्यात ती नागपूरला येणार होती, पण कोणत्या घरी राहणार ते आता पुन्हा ठरायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, गुडघे ठीक आहेत, पायांत ताकद नाही. मी जवळच्या जिममध्ये नाव घातलं. तिथं पायऱ्यांचं यंत्र होतं. पायऱ्या खाली सरकत राहतात, आपण चढत राहायचं आणि असायचं तिथंच. समोरच्या पडद्यावर जगातली एखादी उंच इमारत निवडली, की आपण कितव्या मजल्यावर पोचलो ते चित्रात दिसतं. ट्रेनर पोरगी म्हणाली, काकू, आधी एखादी छोटी घ्या. मी सरळ बुर्ज खलिफावर बोट ठेवलं. विहीणबाई दुबईला जाऊन, लिफ्टनं वर चढून आल्या आहेत, आणि तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीपेक्षा मोठा लावलेला आहे.

पहिल्या दिवशी थोडेच मजले झाले आणि मी दांड्यांना लोंबकळले. “काकू, काहून लटकून राहिल्या? हात सोडा!” ती पोरगी ओरडली. “सारा भार हातावर टाकला तं पायात ताकद कशी येईन?” एवढ्याशा पोरीचं ओरडणं ऐकून डोकं फिरलं, पण हात सोडले. थांबलं तरी चढलेले मजले जमा राहायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं सुरुवात व्हायची. घरी येऊन मी यजमानांना सांगायचे, आज ढगांत पोचले. ते पेपरातून मान न काढता विचारायचे, “येताना ढगातून मेथी आणली का?”

ज्या दिवशी बुर्ज संपला, त्या दिवशी पडद्यावर फटाके फुटले आणि माझे डोळे भरून आले. लग्नानंतर एवढं अवघड काही मी फक्त स्वतःच्या पायांवर केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीहून संत्रा बर्फी आणली आणि जिमभर वाटली. “शुगर बंद आहे काकू,” म्हणणाऱ्यांच्याही तोंडात कोंबली.

एवढ्या आनंदात एक गोष्ट डोक्यातच आली नाही. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात आणि मुलगी झाली की बर्फी. त्याच जिममध्ये विहीणबाईंची भाची येते. तिनं डबा पाहिला, विचारलं काही नाही, सरळ आत्याला फोन लावला.

दुपारी जिन्यातून हाक आली. दुसऱ्या मजल्यावर विहीणबाई पायरीवर बसल्या होत्या, घामाघूम, बाजूला पिशवी. “मुलगी झाली अन् आम्हाले फोन बी नाही? त्या दोघांचेही फोन लागून नाही राहिले. सातवा बी लागला नाही अजून! पोरगी कशी आहे, तेवढं सांगा आधी.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा इतक्या महिन्यांचा राग तिथंच निम्मा झाला.

बर्फी कशाची ते सांगितलं. मग मी एका हातात त्यांची पिशवी घेतली, दुसऱ्या हातानं त्यांना धरलं आणि वर आणलं. कठडा धरायला माझा हात मोकळाच नव्हता. हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं.

बर्फी खाऊन, पाणी पिऊन त्यांनी पुन्हा सुनेला फोन लावला. या वेळी तो लागला. “झोपली होती का वं? बरं, ऐक. सातव्यात ओटी भरतो अन् तू माहेरीच जाय. तुही माय आता माझ्याहून भारी चढते.”

मुलगीच झाली. दवाखान्यातून आलो तेव्हा नातीला दोन्ही हातांत घेऊन मी जिना चढले. मागं लेक, तिच्या मागं कठडा धरून विहीणबाई, त्यांच्या हातात बर्फीचा डबा. दुसऱ्या मजल्यावर त्या म्हणाल्या, “थांबा वं जराशा.”

मी थांबले, त्यांच्यासाठी.