स्टेजवर आईची जागा

रिसेप्शनची साडी आणि मुहूर्ताची साडी यांतला फरक ज्याला कळत नाही त्यानं लग्नकार्याच्या भानगडीत पडू नये, असं माझी आई म्हणायची. मुहूर्ताला नवरी बसलेली असते, तिच्या अंगावर हवी तेवढी जर चढवा. रिसेप्शनला ती बिचारी तासन्‌तास उभी असते, येईल त्याच्याकडं बघून हसते आणि स्टेजवर चढून येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या पाया पडायला वाकते. तिला हलकी, अंगासरशी बसणारी मैसूर सिल्क द्यावी, बारीक काठाची. "लोकांना नवरी दिसली पाहिजे, साडी नव्हे," हे ती दुकानदाराच्या तोंडावर सांगायची. दुकानदार तिला वचकून असत.

आमच्या मैसुरात रिसेप्शन लग्नाच्या आदल्या संध्याकाळी असतं. पुण्याकडचे पाहुणे म्हणतात, लग्न लागायच्या आधीच अभिनंदन कसलं करता? हसोत बापडे. आम्ही मराठी खरे, पण कित्येक पिढ्या इथं काढल्या, इथली रीत केव्हाच उचलली. आमचं मराठी ऐकूनही ते हसतातच. आईचं म्हणणं असं, की आदल्या संध्याकाळी पोरगी अजून आपली असते. म्हणून त्या स्टेजवर तिच्या शेजारी तिच्या आईनंच उभं राहायचं. आत्या नको, मावशी नको. उद्यापासून शेजारची जागा दुसऱ्यांची आहेच.

आई बँकेत नोकरीला होती, पण ओळखीपाळखीत कुणाचं लग्न निघालं की पहिलं बोलावणं तिला. ती छत्र बघायला जायची. लग्नाच्या हॉलला आम्ही छत्र म्हणतो. तिथं स्टेजकडं ती ढुंकून बघायची नाही. आधी जेवणघर, मग हात धुवायची जागा, मग म्हाताऱ्यांना चढायला जिना कसा आहे ते. "स्टेज काय, फुलं लावली की कुठलंही चांगलं दिसतं. जिन्याला फुलं लावून गुडघे दुखायचे राहतात का?" साडीचा रंग ठरवायच्या आधी डेकोरेशनवाल्याला मागच्या पडद्याचा रंग विचारायचा, नाहीतर हिरव्या पडद्यापुढं हिरवी नवरी, फोटोत नुसतं मुंडकं. ब्लाउज शिवून आला की घालून दोन्ही हात वर करायचे, खाली वाकायचं, मगच टेलरला बरं म्हणायचं. नव्या चपला त्या दिवशी घालायच्या नाहीत. आणि आधी पोटोबा मग विठोबा. एकदा रांग लागली की नवरीला पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. किती मुलींना तिनं मागच्या खोलीत, लिपस्टिकला धक्का न लावता, बिसीबेळे भात भरवला असेल! मी लहान होते, बघत बसायचे आणि मनात म्हणायचे, थांबा, माझ्या वेळेला बघा माझी आई काय काय करते ते.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईला विसरण्याचा आजार लागून काही वर्षं झाली होती.

आजार म्हणजे एकदम काही नाही होत. आधी गॅस, मग किल्ल्या, मग शेजारणीचं नाव. आम्ही हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी मी शाळेत निघाले होते, हिनकलला शिकवते मी, आणि आई हॉलमध्ये येऊन माझ्याकडं बघून छान हसली. म्हणाली, "बन्नी, कूत्कोळ्ळी. कॉफी कुडीतीरा?" या, बसा, कॉफी घेणार का. कन्नडमध्ये, आणि अहो-जाहो करून.

आमच्या घरात उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर कन्नड, हा आईचाच कायदा. लहानपणी मी शाळेतून येऊन कन्नडमध्ये जेवायला मागितलं, तर ती बहिऱ्यासारखी भाजी चिरत बसायची. उभ्या जन्मात ती माझ्याशी कन्नड बोलली नव्हती. तिचं कन्नड होतं भाजीवाल्याला, शेजाऱ्यांना, बँकेतल्या गिऱ्हाइकांना. म्हणजे त्या सकाळी तिच्या लेखी मी बाहेरची होते. मी बसले. तिनं कॉफी आणली, पाहुण्यांच्या कपात. मी प्यायले आणि बसस्टॉपवर जाऊन भडाभडा रडले.

त्यानंतर कधी मराठी, कधी कन्नड. सकाळी दार उघडताना मी कान देऊन उभी राहायचे, आज मी कोण आहे ते कळायला.

माझा नवरा नंजनगूडला कारखान्यात आहे, घरचे कन्नड, माणसं स्वभावानं साधी. त्यांनी काही मागितलं नाही. मलाही थाटमाट नको होता. एकच हवं होतं. साडी आईनं निवडावी, आणि रिसेप्शनला ती स्टेजवर माझ्या शेजारी उभी राहावी, माझी आई म्हणून. थोडा वेळ का होईना.

मावशी म्हणाली, "अय्यो, नको गं. एवढे दिवे, एवढी माणसं, ती बावरेल. काही बोलली म्हणजे? रूममध्ये बसू दे की तिला, मी बसते सोबत. सरी? चालेल ना?"

मी भडकले. "साऱ्या मैसूरच्या पोरींना उभं केलं तिनं, आणि माझ्याच वेळेला तिला खोलीत कोंडायचं होय?" मावशी रडायला लागली. मी नाही रडले, मला राग आला की रडू येत नाही. बाबा मधे पडले. म्हणाले, आधी साडी तर घेऊन या, मग बघू.

गर्दी नको म्हणून आम्ही दुकान उघडता उघडता गेलो, आई, बाबा आणि मी. रिक्षात ती पदराचं टोक चाळत बसली होती. दुकानात गादीवर बसली, आणि काय सांगू, बाई परत आली! पाठ ताठ, पदर खांद्यावर नीट. पहिली गुलाबी साडी समोर आली तशी तिनं हातानंच बाजूला सारली. "ही मुलगी गव्हाळ आहे, हिला गुलाबी दाखवून वेळ घालवू नका," असं कन्नडमध्ये. दुकानात कन्नडच बोलायचं, त्यामुळं मला त्यात काही खटकलं नाही. उलट मी खूश. तिनं साडी चिमटीत धरून चुरगाळून बघितली, वजन हातावर तोललं, काठाची उलटी बाजू पाहिली. मोरपंखी रंगाची एक उचलली आणि तडक उठून दुकानाच्या दाराशी, उन्हात नेली. दुकानातल्या दिव्यांवर तिचा कधीच विश्वास नव्हता. मला समोर उभं करून माझ्या खांद्यावर पदर टाकला, मान तिरकी करून बघत राहिली. डोळे अगदी तिचेच, पूर्वीचे.

"हीच," म्हणाली.

मला वाटलं, जिंकलो. बाबांनी चष्मा काढून पुसला. दुकानदारही हसून म्हणाला, "मुलीचं लग्न का, अम्मा?"

"अल्ला री," आई हसत म्हणाली. नाही हो. "माझी मुलगी लहान आहे अजून, शाळेत जाते. ही ओळखीतल्यांची. हिच्या घरी बघणारं कुणी नसेल, म्हणून मला आणलं." मग एकदम घाबरीघुबरी होऊन बाबांना मराठीत म्हणाली, "अहो, चला लवकर. पोर शाळेतून येईल, दाराला कुलूप बघून रडेल."

बाबांनी साडी बांधायला सांगितली. आम्ही रिक्षात बसलो. आई अख्ख्या रस्ताभर पुढं वाकून रिक्षावाल्याला घाई करत होती, आणि ज्या पोरीसाठी तिचा जीव कासावीस झाला होता ती तिच्या शेजारी मांडीवर साडीचं पुडकं घेऊन बसली होती. मला हात धरायचा होता तिचा. धरला नाही. ओळखीतल्यांच्या मुलीनं कसा धरायचा?

तरी मी हट्ट सोडला नाही. माणूस वेडं असतं. मला वाटत राहिलं, त्या संध्याकाळी मला साडीत बघेल, फुलं, दिवे, सनई-चौघडा, इतकं सगळं तिच्या ओळखीचं, तर मधे कुठंतरी मीही सापडेन तिला.

छत्र आम्ही तिच्याच पद्धतीनं घेतलं, खालीच जेवणघर असलेलं. पडदा पांढरा सांगितला. ब्लाउज घालून मी हात वर करून बघितले, वाकून बघितलं. मागच्या खोलीत मला भात भरवायला मात्र कुणाला सुचलं नाही. मावशी आईला तयार करत होती. मी आपली आपणच चमच्यानं दोन घास खाल्ले आणि लिपस्टिक बिघडवली.

स्टेजवर माझ्या एका बाजूला नवरा आणि सासू-सासरे, एका बाजूला बाबा. मावशीनं आईला पायऱ्यांपर्यंत आणलं. आई तिथं थांबली ती थांबलीच. मावशी हात ओढतेय, आणि आई मान हलवतेय. वर मला ऐकू येत होतं. मावशीला मराठीत दटावत होती, "कळत नाही का तुला? तिथं नवरीच्या आईनं उभं राहायचं असतं. मी कशी जाऊ? लोक काय म्हणतील?"

तिचाच कायदा. मावशीनं वर माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, असू दे म्हटलं. काय करणार? तिला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. रांग सुरू झाली. मी हसत होते, वाकत होते, पाकिटं मागं देत होते. माझ्या डाव्या हाताला बाबा होते आणि आमच्या दोघांत एका माणसाची जागा मोकळी होती. ती कुणी भरली नाही. फोटोग्राफर सारखा सांगत होता, जवळ या, जवळ या. बाबा जवळ येईनात.

आई खालून बघत होती. आधी साडीकडं, मग त्या मोकळ्या जागेकडं, मग दाराकडं. परत मोकळ्या जागेकडं. तिचा चेहरा मला ठाऊक आहे, कुणाच्या लग्नात काही चुकलं की असाच व्हायचा. ती उठली. मावशीचा हात झटकून, रांगेतल्या माणसांना बाजूला सारत वर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"निम्म तायी एल्लम्मा?" तुमची आई कुठं आहे, बाळ?

रांग थांबली. पुढच्याच बाई आईच्या बँकेतल्या मैत्रीण, त्यांनी तोंडावर हात ठेवला. बाबांनी मान फिरवली. मला वाटलं, आता मी इथं सगळ्यांसमोर कोसळणार. पण माझ्या तोंडून कन्नडच आलं.

"बर्तारे," म्हटलं. येतील.

"कसली बाई!" आईचा पारा चढला. "असल्या दिवशी पोरीला एकटीला उभं करतात का?" मग माझा चेहरा पाहून तिचा आवाज उतरला. "पर्वागिल्ला, काही हरकत नाही. त्या येईपर्यंत मी थांबते." आणि ती त्या मोकळ्या जागेत शिरली.

शेवटपर्यंत उभी राहिली. बसा म्हटलं तर बसली नाही. माझ्या निऱ्या सारख्या केल्या, कपाळावरचा घाम तिच्या पदरानं टिपला, कुणाला तरी हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून माझ्या आईची बाजूसुद्धा घेतली. "पोरीची आई आत्ता येईल हं, रिंगरोडला अडकली असेल. मी शेजारची." तिला चांगलं ओळखणाऱ्या बायका हो हो म्हणत होत्या आणि खाली उतरल्यावर डोळे पुसत होत्या. फोटोत ती माझ्या अगदी जवळ आहे.

गर्दी कमी झाली. वाजवणारे जेवायला गेले. तेव्हा कुठं माझा बांध फुटला. आईनं लगबगीनं माझ्या हनुवटीला बोट लावलं.

"रडू नका, काजळ उतरेल. येतील हो त्या. मुलीच्या लग्नाला न येणारी आई असते का कुठं?"

असं म्हणून तिनं माझा हात घट्ट धरला आणि दाराकडं बघत राहिली. मीही बघत होते.