मेदेरनं आणलेले डूल

नारीन नदीच्या खोऱ्यात एशिमसारखा नालबंद नाही, हे त्याला नावं ठेवणारेही कबूल करत. नावं ठेवायला कारण होतं: अकरा वर्षांपूर्वी या मुसलमान गावात तो ख्रिस्ती झाला. लोक घोडा त्याच्याकडेच आणत, चहाला मात्र थांबत नसत. घोड्यांची काही तक्रार नव्हती.

थांबायचा तो एकटा मेदेर. एशिमची बायको गेली तेव्हा गावानं कब्रस्तानात जागा नाकारली. मेदेरनं आपल्या कुरणाच्या कडेला, गोठलेल्या जमिनीत दोन दिवस पहार चालवून खड्डा खणला. नमाज चुकवायचा नाही, आणि एशिमच्या प्रार्थनेची थट्टाही चुकवायचा नाही, असा हा मित्र.

तोच मेदेर रविवारी दुपारी नवा कोट घालून, बायकोला घेऊन आला. तिच्या मुठीत चांदीचे डूल. ते एशिमच्या मुलीच्या, जिपारच्या कानात गेले की सोयरीक पक्की.

"आमच्या उलानला तुझी पोर हवी," मेदेर म्हणाला. "ती पाळण्यात होती तेव्हाच आपण व्याही म्हणून मिठ्या मारल्या होत्या, विसरलास? का आता पाद्र्याला विचारायचंय?"

पाद्र्याला कशाला? दर आठवड्याला प्रार्थनेला जमणाऱ्या पोरांना एशिमच शिकवायचा: मैत्री सगळ्यांशी करा, जीव लावा, एका ताटात जेवा, पण ज्याच्याबरोबर घर मांडायचं, मुलं वाढवायची, तो आपल्याच श्रद्धेचा बघा. शिकवताना समोर मेदेर नसायचा, त्यामुळे सोपं जायचं.

त्यानं जिपारकडे बघितलं. तिला उलान आवडतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तिनं ओढणी कानांवर ओढून घेतली.

"मेदेरकाका, उद्या मुलं झाली तर ती कुणाची प्रार्थना म्हणतील?"

"आमची. दुसरी कुठली?" मेदेर हसला. "तू मनात तुझी म्हण की. मनात कोण डोकावतंय?"

"मग नको, काका."

मेदेर एशिमकडे वळला. "पोरीचं सोड. तू बोल."

एशिम म्हणाला, "ती म्हणाली तेच."

"माझ्या जमिनीत तुझी बायको चालते. माझ्या घरात तुझी पोर चालत नाही?"

मेदेर उठला. निघणाऱ्यानं रोटीचा तुकडा तरी तोंडात टाकायचा, ही तिथली रीत. भांडून उठलेलासुद्धा टाकतो. एशिमनं रोटी पुढे धरली. मेदेरनं तिच्याकडे बघितलंही नाही.

आत जिपार हुंदके देत होती, बाहेर मेदेर घोडा सोडत होता. एशिम उंबऱ्यावर उभा. कुणाकडे जावं हे कळेना. हातात रोटी तशीच.