गॅस चालूच होता

तात्या गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. सकाळी दूध आणायला बाहेर पडलो, तर तालमीसमोरच्या खांबाला मंडळाची माणसं फ्लेक्स बांधत होती. कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला तात्याचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत : 'आंतरराष्ट्रीय ऊर्जातज्ज्ञ मा. यशवंतराव (तात्या) इंगवले यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो, तात्याच्या फोटोपेक्षा थोडे मोठे. घरी येऊन पाहिलं तर चार्जिंगला लावलेल्या फोनवर त्याच्या मुलाचे फोन येऊन गेले होते. पहाटे छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्या कोल्हापुरात माणूस गेल्याचं नातेवाइकांच्या आधी छपाईवाल्याला कळतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'ऊर्जातज्ज्ञ' या शब्दाबद्दल. तात्याने तो फ्लेक्स पाहिला असता तर स्वतः शिडी लावून उतरवला असता. का, ते शोकसभेत कुणी सांगितलं नाही. तिथे भाषणं करणाऱ्यांना वेळ कमी पडला.

तात्या माझा शाळेपासूनचा मित्र. मी कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मी कधी तपासलं नाही. त्याने कागलच्या एमआयडीसीत फौंड्री टाकली. पंपांची कास्टिंग करता करता तो व्हॉल्व्हकडे वळला आणि जर्मनीतल्या एका कंपनीला माल देऊ लागला. ती कंपनी गॅसच्या पाइपलाइनींसाठी व्हॉल्व्ह बनवायची. सैबेरियातून निघालेला गॅस युक्रेन ओलांडून युरोपातल्या शेगड्यांपर्यंत जायचा, त्या वाटेवर कुठेतरी कागलमध्ये ओतलेलं पोलाद बसलेलं असायचं. एकदा कंपनीने तात्याला तिकडे बोलावलं. परत आल्यावर त्याने ना बर्फाचं वर्णन केलं ना बियरचं. कंपनीच्या भिंतीवर पाइपलाइनींचा नकाशा होता, त्याचंच वर्णन महिनाभर ऐकवलं. त्यानंतर तो वाचायला लागला. कोणत्या देशाने कुणाशी किती वर्षांचा करार केला, समुद्राखालून नवी लाइन का टाकली, पोलंड का चिडला... तालमीच्या कट्ट्यावर जिथे ऊसदर आणि कुस्ती याशिवाय विषय नसायचा, तिथे युक्रेनचं नाव निघायला लागलं ते तात्यामुळे.

त्याचा एक सिद्धान्त होता. तो पुस्तकातून आला नव्हता, त्याच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेतून आला होता. "मास्तर, आमची उपशाची पाइप चुलत्याच्या रानातनं जाते," तो सांगायचा. "चुलता माझ्याशी बोलतो का? न्हाय. बांधावरनं कुऱ्हाडी निघाल्यात. पण पाइप फोडली का कुणी? तिचंच पाणी त्यालाबी मिळतंय की! रशिया, युक्रेन, जर्मनी, सगळी एका पाइपीवर हाईत. एकमेकाला शिव्या घालतील. पण गॅस चालू हाय तवर डोकी फुटायची न्हाईत." मी म्हणायचो, पहिल्या महायुद्धाआधी इंग्रज आणि जर्मन एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती. तो म्हणायचा, "तवा पाइप कुठं होती?" यावर कट्टा हसायचा आणि माझा पराभव जाहीर व्हायचा. एरवी याने कुणाचं काही बिघडलं नसतं. जगभरचे मोठमोठे लोक तेव्हा हेच बोलत होते, फक्त टाय लावून.

पण बाळू चौगुलेची मुलगी खार्किव्हला होती.

बाळू तात्याच्या फौंड्रीत मोल्डिंगचा सुपरवायझर, राहणार गडमुडशिंगी. ऋतुजा त्याची एकुलती एक. युक्रेनात डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला. त्या फेब्रुवारीत टीव्हीवर सीमेजवळच्या रणगाड्यांची चित्रं यायला लागली. आपल्या दूतावासाने विद्यार्थ्यांना परत यायला सुचवलं, पण तिचं कॉलेज हजेरीवर अडून बसलेलं. बाळूने तिकीट काढलं आणि विचारायला कट्ट्यावर आला. तात्या रंगात होता. म्हणाला, "पोरीचं वरीस बुडवतोस व्हय? गॅस किती चाललाय बघ जरा. काय व्हईत न्हाय." बाळू तरी घुटमळत उभा. "तात्या, म्हंजे नक्की?" आणि सगळ्या कट्ट्यासमोर तात्या म्हणाला, "बाळू, माझा शब्द हाय."

बाहेरच्या वाचकाला याचं वजन कळायचं नाही. दिल्लीतला तज्ज्ञ अंदाज देतो, चुकला की दुसरा देतो, आणि वाहिनी त्याला पुन्हा बोलावते. आमच्याकडे शब्द देतात. शब्दावर जमिनीचे व्यवहार होतात, सोयरिकी जुळतात. दिलेला शब्द मोडला की माणूस कट्ट्यावर बसायचं सोडतो. दोन परक्या देशांच्या फौजा काय करतील, याबद्दल शब्द देणारा माणूस जगाच्या पाठीवर फक्त कोल्हापुरातच सापडेल. आणि तो शब्द घेऊन निर्धास्त घरी जाणाराही. बाळूने तिकीट रद्द केलं.

पुढच्याच आठवड्यात खार्किव्हवर बॉम्ब पडले.

मी बातमी पाहिली आणि तात्याला फोन लावला. लागला नाही. तो तेव्हाच गडमुडशिंगीला निघाला होता. मी पोचलो तेव्हा बाळूच्या बाहेरच्या खोलीत शेजारीपाजारी दाटले होते आणि तात्या दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखा. ऋतुजा मेट्रोच्या स्टेशनात, जमिनीखाली होती. विमानं बंद झाली होती. अधूनमधून तिचा मेसेज यायचा, 'मी ठीक आहे', आणि मग पुन्हा बराच वेळ काही नाही. बाळू तात्याला काहीच बोलत नव्हता. उलट कुणी आलं की म्हणायचा, "तात्या हाईत की आपल्यासंगं." त्यामुळे तात्या खुर्चीत आणखीच आक्रसायचा.

बोलली ती बाळूची बायको, सुमन. चहाचा कप तात्याच्या हातात देत तिने अगदी सरळ आवाजात विचारलं, "तात्या, त्यो तुमचा ग्यास बंद झाला का वं?"

तात्याने फोन काढला. गॅसचे त्या दिवशीचे आकडे उघडले. "न्हाय..." तो म्हणाला. "चालू हाय."

"मग लढाई कशी लागली?"

खरंच, गॅस चालू होता. बॉम्ब पडत होते, पूल उडत होते, आणि त्याच जमिनीखालून रशियाचा गॅस युक्रेनमधून युरोपकडे जात होता. रोजच्यासारखा. युरोप बिल भरत होता, रशिया पैसे घेत होता, युक्रेनला वाटेचं भाडं मिळत होतं. तात्याची सगळी माहिती खरी निघाली होती. पाइप कुणी फोडली नव्हती. नंतर एकदा तो मला म्हणाला, "पाइपीला काय कळतंय मास्तर, वर काय चाललंय ते." त्या दिवशी मात्र तो चहा हातात धरून बसला होता आणि चहावर साय धरली होती.

तो घरी गेला नाही. त्याच्या मुलाने येऊन विनवण्या केल्या तरी नाही. जर्मन कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला त्याने फोन केले. तो माणूस भला होता, पण व्हॉल्व्हचा खरेदी अधिकारी खार्किव्हच्या मुलीसाठी काय करणार? तो फक्त "सॉरी" म्हणत राहिला. मग एका सकाळी ऋतुजाचा फोन आला. रेंज तुटत होती. तिच्याबरोबरच्या मुली रेल्वे स्टेशनकडे चालत निघत होत्या. पश्चिमेकडे गाड्या जात होत्या, पण आत शिरायला मिळेल याची खात्री नव्हती आणि रस्त्यात गोळे पडत होते. जमिनीखाली राहावं तर अन्न संपत आलेलं. "बाबा, निघू का थांबू?" तिने विचारलं. आणि मग, "तात्या आजोबा हाईत का तिथं? त्यास्नी विचारा की."

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी तात्याकडे पाहिलं.

"मला म्हाईत न्हाय, ऋतू," तो म्हणाला.

बाळू एकदम पुढे झाला. "आसं नका म्हणू तात्या! तुमी सांगा. तुमी सांगशिला तसं करती ती."

"म्हणूनच सांगत न्हाय रे," तात्या म्हणाला. "मागं सांगितलं तवाबी मला म्हाईत नव्हतं, बाळू. तुमी ऐकत हुता, म्हणून सांगितलं."

सुमनने बाळूच्या हातातून फोन घेतला. "ऋतू, माझं ऐक. तुझ्यासंगं कोण कोण हाय? त्या निघाल्यात का? सगळ्या? मग नीघ. कुणाचा हात सोडू नगंस. पाण्याची बाटली घे... आन भित्तीच्या कडंकडंनं चाल." आणि फोन कट झाला.

त्यानंतरचा दिवस मी पुन्हा जगू इच्छित नाही. सुमन भाकऱ्या करत राहिली, लागणार होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त. बाळू फोनकडे बघत उंबऱ्यावर बसला. तात्या गोठ्यात जाऊन म्हशीजवळ उभा राहिला आणि मी बोलावलं तरी आत येईना. दिवस मावळताना मेसेज आला : 'गाडीत आहे. उभी आहे. पण आत आहे.' बाळू रडला. सुमनने तव्यावरची भाकरी उलटली. तात्या गोठ्यातूनच म्हणाला, "कोणती गाडी? कुठं जाती?" आणि मग स्वतःच, "जाऊ दे. कुठंबी जाऊ दे."

ऋतुजा पोलंडमार्गे परत आली. गावात स्वागत झालं. हलगी, गुलाल, आणि एका पुढाऱ्याचा फ्लेक्स, ज्यावर त्याच्या 'अथक पाठपुराव्याला' यश आल्याचं लिहिलं होतं. ऋतुजाला त्या गृहस्थाचं नावही ठाऊक नव्हतं. तिला हार घालून स्टेजवर बसवलं, तेव्हा ती फटाक्यांच्या आवाजाने खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती. हे स्टेजवरच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. तात्या गर्दीच्या मागून पुढे घुसला आणि फटाक्यांच्या माळेवर घागरभर पाणी ओतलं. लोक चिडले. तो म्हणाला, "मारा मला. पण वाजवू नका."

चार दिवसांनी तो मला घेऊन बाळूच्या घरी गेला आणि सुमनसमोर उभा राहिला. "चुकलो मी."

"तुमी कुठं चुकला तात्या," सुमन म्हणाली. "तुमचा ग्यास चालूच हुता की."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. चहा द्यायची, सणाला पोळी पाठवायची, पण शब्द नाही. तात्याने ते मान खाली घालून घेतलं. कट्ट्यावर तो यायचा, पण बाकाच्या टोकाला बसायचा. कुणी विचारलं, "तात्या, आता काय व्हणार?" तर म्हणायचा, "मला इचारू नगंस." मधल्या काळात युरोपने रशियाचा गॅस कमी करायचा ठरवला, पण गॅस हवाच होता. तो दुसऱ्या देशांकडून, थंड करून, द्रव करून जहाजातून आणायचा, म्हणून बंदरं बांधायची, आणि बंदरांना व्हॉल्व्ह लागतात. तात्याची फौंड्री पूर्वी कधी नव्हती इतकी जोरात चालली. जिल्ह्याच्या निर्यातदारांनी त्याचा सत्कार ठरवला, तर तो त्या दिवशी फोन बंद करून बसला.

ऋतुजाने उरलेलं शिक्षण जॉर्जियात पुरं करायचं ठरवलं. तोही रशियाचा शेजारी, आणि तिथेही युरोपच्या बाजूने जायचं की रशियाच्या, यावरून लोक रस्त्यावर उतरत होते. या वेळी बाळूने कुणालाच विचारलं नाही. ती गेली, आणि तात्याने एक नवाच उद्योग सुरू केला. रोज सकाळी कट्ट्यावरून तिला व्हिडिओ कॉल लावायचा. बातम्या सांगायचा नाही, विचारायचाही नाही. एवढंच म्हणायचा, "ऋतू, खिडकीतनं काय दिसतंय?" ती सांगायची. दुकान उघडलंय. एक म्हातारी कुत्र्याला फिरवतेय. पलीकडे गर्दी आहे, पण पोलीस नाहीत. तो ऐकायचा आणि म्हणायचा, "बरं." गेल्या वर्षाच्या सुरुवातीला करार संपला आणि युक्रेनमधून जाणारा रशियाचा गॅस अखेर थांबला. लढाई चालूच होती. कट्ट्यावर कुणीतरी ओरडलं, "तात्या, झाला की बंद! आता काय म्हणता?" तात्याने ऋतूला फोन लावला.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी गडमुडशिंगीला गेलो. बाळू कामावर होता. सुमनने मला आत बसवलं, चहा टाकला, तात्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. इतक्यात ऋतुजाचा व्हिडिओ कॉल आला. सुमनने पदराला हात पुसून तो घेतला. "आई..." ऋतुजा म्हणाली आणि पुढे काही बोलेना. चुलीवरचा चहा उतू जायला आला तरी सुमनने तिकडे पाहिलं नाही.

"ऋतू," ती शेवटी म्हणाली. "खिडकीतनं काय दिसतंय?"

पलीकडे पडदा सरकल्याचा आवाज आला, आणि चित्र हलत हलत एका ओल्या रस्त्यावर स्थिर झालं. पावाच्या दुकानापुढे रांग होती.

"मास्तर," सुमन म्हणाली, आणि फोन दोघांना दिसेल असा धरून कॉटवर जरा सरकून बसली. "या की हिकडं. बघा."