सितारामच्या कागदाचे साक्षीदार

नारळी पुनवेआधी दिवाळे गावच्या कोळीवाड्यात होड्यांना डांबर फासलं जायचं, जाळी तपासली जायची आणि सिताराम कोळ्याच्या अंगणात त्याचं मृत्युपत्र मोठ्यानं वाचलं जायचं. शेजारच्या गावांना याचं हसू यायचं. पण म्हाताऱ्याचं म्हणणं साधं होतं. होडीची भेग वर्षातून एकदा शोधावी लागते, मग कागदाची नको? माणसं जन्मतात, मरतात, रुसतात. कागद मात्र लिहिला तेव्हाचंच बोलत राहतो.

कागद चौऱ्याऐंशी सालचा, वकिलाकडून केलेला, दोन साक्षीदारांच्या सह्यांचा. तेव्हा लेक बायजा दिल्या घरी सुखी होती, म्हणून घर आणि होडी धाकट्या मुलाला, अभयला. पुढच्या दुरुस्त्या दिनानाथ मास्तर समासात लिहीत आणि सिताराम खाली अंगठा उठवी. मास्तर दर वर्षी सांगत की दोघांच्या सह्या घेऊ या. म्हाताऱ्याला ते रुचत नसे. चाळीस माणसं बसलेली असताना दोघांनाच उठवायचं, म्हणजे उरलेल्या अडतीस जणांचा अपमान. अख्खा वाडा ऐकतोय, आणखी साक्ष ती कसली?

त्र्याण्णव साली बायजाचा नवरा खाडीत बुडाला आणि ती माहेरी परतली. त्या पुनवेला सितारामनं समासात लिहून घेतलं: मागची खोली आणि मासे सुकवायची जागा बायजाची. ती चार वर्षं त्याच जागेवर बोंबील सुकवून बेलापुरात विकत होती आणि कुणाची मिंधी नव्हती.

सत्त्याण्णवच्या वैशाखात सिताराम गेला. दिवसकार्य उरकल्यावर अभय कागद घेऊन वकिलाकडे गेला. वकिलांनी समास तळहातानं झाकला. साक्षीदारांविना केलेली दुरुस्ती कायदा मानत नाही, म्हणाले, सगळं तुमचंच.

अभय तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होता. दोन पोरं मोठी होत होती आणि घर होतं तेवढंच. बायको अक्षताला त्यानं वकिलांचं म्हणणं सांगितलं, तेव्हा ती वाईट काही बोलली नाही. मागं दोन खोल्या चढवल्या तर पोरांना अभ्यासाला जागा होईल, एवढंच म्हणाली. बायजाला मात्र त्यानं सांगितलं नाही. ती त्याच्या ताटात कालवण वाढायची आणि त्याची नजर वर उठायची नाही. त्याला लाज वाटे, आणि लाज वाटते म्हणून राग यायचा तो बायजाचाच. माणसाचं मन असंच वाकडं चालतं.

पुनव जवळ आली तशी माणसं न बोलावता अंगणात येऊन बसली. मास्तर चष्मा पुसू लागले, पण अभयनं कागद आपल्याकडे घेतला. घर वाचलं, होडी वाचली, सह्या वाचल्या. समासाशी आला आणि थांबला. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. उंबऱ्यात बसलेली बायजाच हळू आवाजात म्हणाली, "वाच ना रे. बाबांचं सपलं नाय अजून."

अभयनं वाचलं. मग कागद खाली ठेवून तो म्हणाला, "ह्ये कायद्यात बसत नाय, बाय. खाली साक्षीदार नाय. तीन म्हैने मना ठावं हाय आनि मी बोललो नाय."

बायजानं काहीच विचारलं नाही. तिचं हे न विचारणंच त्याला सोसवेना.

"सोमवारी रजिस्टरला चल. खोली नि जागा मी तुज्या नावावर करून देतो," तो म्हणाला. "दोन साक्षीदार पायजेत."

पहिली उठली ती अक्षता. तिच्यामागून सगळं अंगण उठलं.

सोमवारी कचेरीत दोघांच्याच सह्या लागल्या. बाकीच्यांनी त्या संध्याकाळी सितारामच्या जुन्या कागदाची कोरी पाठ सह्यांसाठी मागून घेतली. समासातल्या त्याच्या एका अंगठ्यामागं अडतीस माणसांच्या खुणा झाल्या, कुणाची सही, कुणाचा अंगठा. कायद्याला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. बायजानं रजिस्टरचा कागद अभयकडे सांभाळायला दिला आणि हा तेवढा स्वतःच्या पेटीत ठेवला.