गव्हाच्या शेतातलं समुद्राचं घर

ताईचा फोन आला तेव्हा मी कॅल्गरीत गॅरेजवाल्याकडे विंटर टायर बदलून घेत बसलो होतो. भाऊजी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून आत आले, बूट काढायला बाकावर बसले आणि उठलेच नाहीत… ताई शांतपणे सांगत होती. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, आता तरी ही त्या ओसाड माळावरून निघेल. लाज वाटते, पण आला तो हाच विचार. मला अनंत भाऊजी आवडत नसत. त्यांनाही मी आवडत नसे, आणि ते लपवण्याचा त्रास आम्ही दोघांनीही कधी घेतला नाही.

ते वेंगुर्ल्याचे, आम्ही नागपूरचे. ताईच्या पायांतली ताकद जाऊ लागली, तेव्हा त्यांनी सस्काटून शहरातलं दुमजली घर विकलं आणि शहरापासून तासभर लांब, गव्हाच्या शेतांमध्ये जमीन घेऊन एकमजली घर बांधायला काढलं. बेसमेंट नाही, जिना नाही, कुठेच पायरी नाही. मी इंजिनिअर, आजारी बहिणीचा भाऊ, त्यामुळे बोलायचा हक्क आपलाच, असं मला वाटे. "या थंडीत बेसमेंटशिवाय घर कोण बांधतं, भाऊजी? उद्या विकायला काढलंत तर कुत्रंही विचारणार नाही." ते म्हणाले, "विकायला बांधत नाहीये. तुझा सल्ला तुझ्या कंपनीला दे, ते पगार देतात त्याचा." जमिनीखाली फोमचे जाड थर आणि फरशीत गरम पाण्याच्या नळ्या घालून त्यांनी ते उभं केलंच.

आतून मात्र सगळा समुद्रकिनारा. पांढऱ्या फळ्यांच्या भिंती, फिकट निळी दारं, आणि प्रत्येक खोलीतून भिंतीच्या कडेने, हाताच्या उंचीवर फिरणारा जाड सुंभाचा दोर. मी हसलो. "हजार मैलांत पाणी नाही, आणि तुम्ही गव्हात बोट बांधताय!" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बुडणाऱ्याला बोटच लागते, इंजिनिअरसाहेब." ताई तो दोर धरून स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत एकटी जाते, हे दिसत असूनही मला दिसलं नाही… मला फक्त टोमणा ऐकू आला.

वास्तुशांतीला मी नागपूरहून आमच्या आईच्या घराचा उंबरठा आणला होता. जुना, जाड सागवानी, मध्ये कोरलेलं कमळ, त्यावर आईच्या हळदीकुंकवाचे डाग. आई गेल्यावर घर पाडलं, तेव्हा एवढाच मी मागून घेतला. उंबरठ्याशिवाय घर कसलं? भाऊजी भटजींना आणायला गेलेले असताना मी तो पुढच्या दारात स्क्रूने बसवून टाकला. ताई म्हणाली, "संजू, ते रागावतील रे… पण आईचा आहे, असू दे."

भाऊजी भटजींना घेऊन गॅरेजच्या दाराने आले, त्यांना तो दिसला नाही. पूजेनंतर पाहुण्यांना निरोप द्यायला ती वॉकर घेऊन दाराकडे आली. वॉकरची चाकं त्या लाकडाला अडली. ती तोंडावर पडली, मनगट मोडलं. भाऊजींनी आधी तिला उचलून गाडीत बसवलं, मग परत येऊन पाहुण्यांदेखत ते स्क्रू काढले. "तुझ्या आईचा उंबरठा भिंतीवर टांग. या दारातून माझी बायको चालते. आणि आता निघ."

उंबरठा तिथेच टाकून मी निघालो. वाटेत पेट्रोल भरताना घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिहिलं, "भाऊजींनी आईचा उंबरठा उपटून फेकला." ताई पडल्याचं लिहिलं नाही. नागपुरात खळबळ उडाली. काका त्यांच्याशी कायमचे बोलायचे थांबले. भाऊजी त्याच ग्रुपवर होते. त्यांनी एका शब्दाने खुलासा केला नाही, आणि तो करत नाहीत याचाही मला राग येत राहिला. ताईने किती वेळा बोलावलं, मी गेलो नाही. गेलो तो थेट त्यांच्या अंत्यविधीला.

त्यानंतर काही दिवस तिथेच राहिलो. ताईला म्हटलं, चल कॅल्गरीला. ती म्हणाली, "तुझ्या घरात तेरा पायऱ्या आहेत, संजू. इथे मी स्वतःच्या हाताने चहा करते." 

तिला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून बाहेर जाताना आता लागणारी तिची व्हीलचेअर गॅरेजच्या दाराकडे वळवली. गाडीचा धूर आत येऊ नये म्हणून गॅरेजची जमीन थोडी खाली ठेवावी लागते. त्या अख्ख्या घरातला तो एकच उंचसखलपणा. तिथे लाकडाचा एक उतार बसवलेला होता. तिरका कापून जोडलेला, कडा तासलेल्या. मध्ये चाकांनी झिजलेलं कमळ. शेजारी भाऊजींचे बूट तसेच.

पहिल्यांदा संतापच आला. आईच्या उंबरठ्यावर करवत चालवली या माणसाने! तो संताप अजूनही पुरता गेलेला नाही, खोटं कशाला लिहू… पण ग्रुपवर जे लिहिलं नाही, ते इथे लिहितो आहे. त्यांनी उंबरठा फेकला नव्हता. ताईला पाडलं होतं मी.

आता शनिवार-रविवारी मी तिथे जातो. ताईची खुर्ची त्या कमळावरून सरकन् खाली उतरते. मागून मी येतो आणि लहानपणी आईने लावलेल्या सवयीने पाय उचलून पलीकडे टाकतो.

"अरे, उतार आहे तो," ताई दरवेळी म्हणते. "ओलांडतोस काय?"