शिट्टीच्या आधी

हसनाबाद सोडून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक पडीक रान आहे. त्याला आता कुणी पडीक म्हणत नाही, हवालदार सरांचं मैदान म्हणतात. चुन्यानं आखलेला चारशे मीटरचा गोल, उडीसाठी वाळूचा खड्डा, लिंबाला टांगलेला दोर आणि पत्र्याच्या शेडवर भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सच्या मधोमध वर्दीतला राजानंद, म्हणजे ते हवालदार सर, आणि त्याच्याभोवती या मैदानावरून फौजेत गेलेल्या एकवीस पोरांचे फोटो. राजानंदचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा. त्यात पोट नाही आणि चेहऱ्यावर हसू आहे. आता दोन्हीचं उलट झालं आहे.

राजानंद सतरा वर्षं फौजेत होता. दर सव्वीस जानेवारीला शाळेत त्याचं भाषण असतं आणि आपण देशासाठी गेलो असं तो तिथं सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात. खरं कारण एवढं मोठं नव्हतं. त्याचा बाप अप्पाराव बद्रीनाथ पाटलांच्या शेतात मजुरीला जायचा. कामाचं विचारायला गेला की पाटलांच्या ओट्याच्या पायरीखाली उभा राहायचा. उभं राहा असं कुणी म्हणत नव्हतं, पण बस असंही कुणी म्हणत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी राजानंद भरती झाला आणि पहिल्या सुट्टीवर वर्दी घालूनच गावात शिरला. पाटील ओट्यावरून म्हणाले, ‘या फौजी,’ आणि आतून खुर्ची मागवली. त्या खुर्चीसाठी राजानंद फौजेत गेला होता, आणि खुर्ची मिळाली. अप्पाराव त्या दिवशी घरी येऊन कितीतरी वेळ नुसता पोराच्या बुटांना हात लावून बघत राहिला.

पोराला कशासाठी जायचंय हे राजानंद बरोबर ओळखतो. कुणाला चुलत्याच्या टोमण्यातून सुटायचं असतं, कुणाचं लग्न जमत नसतं, कुणाला फक्त गावाबाहेर पडायचं असतं. देशाचं नाव सगळेच घेतात. त्यात खोटं काही नाही, पण ते नाव शेवटी सुचतं.

त्याच्या मनात काय आहे हे मात्र कुणी ओळखलं नव्हतं. नोकरीच्या बाराव्या वर्षी तो डोंगरावरच्या एका पहाऱ्याच्या चौकीवर होता. सकाळचं धुकं होतं. खालच्या नाल्यात काहीतरी हललं, थांब म्हटल्यावर थांबलं नाही, आणि राजानंदनं गोळी झाडली. धुकं विरल्यावर चौघं खाली गेले. पडलेला माणूस विशीतला असेल. हातात बंदूक होती, म्हणजे गोळी चुकीच्या माणसाला लागली असंही म्हणता येत नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली, पुढं शाबासकीचं पत्रही आलं. पण राजानंदची नजर त्या पोराच्या बुटावर अडकली होती. नाडी तुटलेली होती आणि तिच्या जागी सुतळी ओवलेली होती. राजानंद स्वतः भरतीला पळाला होता तेव्हा त्याच्या उजव्या बुटालाही सुतळीच होती, अप्पारावनं ओवून दिलेली. हाही कुणाच्या तरी ओट्यावर खुर्ची मिळावी म्हणून आला असेल, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला तो परत निघालाच नाही. ते पत्र शेडमध्ये काचेच्या चौकटीत लटकवलेलं आहे. बेबीनंदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हौसेनं लावलेलं. तो तिकडं बघत नाही.

तेव्हापासून एक झालं. दर पौर्णिमेला विहारात वंदना असते. सगळे हात जोडून पंचशील म्हणतात. पहिलं शील जीवहिंसा न करण्याचं. ते आलं की राजानंदचे ओठ मिटतात. दुसऱ्यापासून तो पुन्हा सुरू करतो. एवढ्या आवाजात एक आवाज कमी झाला तर कुणाच्या लक्षात येणार!

आता त्याची पोरगी. अक्षता एकोणीस वर्षांची, अंगानं काटक, उंचीला बापावर गेलेली, आणि हट्टाला आईवर. बारावी झाल्यावर तिनं एके दिवशी जेवता जेवता जाहीर केलं, ‘पप्पा, मिलिटरी पोलिसात पोरींची भरती निघून राह्यली. मी फॉर्म भरते.’

राजानंदचा घास हातातच राहिला. बेबीनंदा मात्र खुलली. ‘भर की. न्हाई तर काय, माझ्यावानी कापूस वेचायचा? आत्याबाईनं स्थळ आणून ठेवलंच हाय.’

तिसऱ्या दिवशी मैदानावर पोरं गेल्यावर राजानंदनं लेकीला शेडमध्ये बसवलं आणि आजवर कुणाला न सांगितलेलं अर्धंमुर्धं सांगितलं. गोळीचं सांगितलं, सुतळीचं सांगता आलं नाही. म्हणाला, ‘अक्षू, तिकडं काय करावं लागंल ते आपल्या हातात न्हाई राहत. मला अजून समजलं न्हाई मी बराबर केलं का वाईट. आणि ही चार वर्षांची भरती, त्यानंतर बहुतेक घरी.’

अक्षतानं सगळं शांतपणे ऐकलं. मग फ्लेक्सकडं हात करून विचारलं, ‘मंग हे मैदान कशाला चालवता?’

गुडघे गेलेल्या हवालदाराला दुसरं येतं काय, हे एक उत्तर होतं. गावानं दिलेला मान सुटत नाही, हे दुसरं. दोन्ही लेकीला सांगण्यासारखी नव्हती. ‘ये उद्यापासून पाच वाजता,’ एवढंच तो बोलला.

तिला सोळाशे मीटर साडेसात मिनिटांच्या आत पळायचं होतं. पहिल्या आठवड्यात तिचे आठला टेकत होते आणि राजानंदला हायसं वाटत होतं. पण पोरगी ऐकेना. महिन्याभरात सात पंचवीसवर आली. त्या सकाळी घड्याळातला आकडा राजानंदनं एकट्यानं पाहिला, अंगठ्यानं शून्य केला आणि म्हणाला, ‘बटण नीट दाबलं गेलं न्हाई. उद्या घेऊ.’

दुसऱ्या दिवशी ती रेघेवर वाकून नाडी आवळत होती, तेवढ्यात त्यानं मुठीतल्या स्टॉपवॉचचं बटण दाबलं. शिट्टी वीस सेकंदांनी फुंकली. ती धापा टाकत आली आणि तिनं स्वतःच घड्याळात वाकून बघितलं. सात चव्वेचाळीस. तिचं तोंड एवढंसं झालं. राजानंदला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. आपण तोंडानं खोटं बोललो नाही, घड्याळ बोललं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. त्या पौर्णिमेला चौथं शील, खोटं न बोलण्याचं, त्यानं सगळ्यांबरोबर खणखणीत म्हटलं. माणूस स्वतःशी वकिली करायला लागला की त्याचा हात कुणी धरू शकत नाही.

त्याचा हिशेब सोपा होता. दोन-तीन महिने वेळ बसली नाही की पोरगी कंटाळेल, कॉलेजला जाईल. सतरा वर्षं फौजेत आणि वीस वर्षं तिच्या आईबरोबर काढून या माणसाला एवढं कळू नये! वेळ बसत नाही म्हटल्यावर अक्षतानं संध्याकाळचंही पळणं सुरू केलं. गहू दळून आणायला गिरणीत पळत जायची. पायाला फोड आले तर त्यावर फडकं बांधून पळायची. तिची खरी वेळ कमी होत गेली, तसं राजानंदला शिट्टीच्या आधी जास्त थांबावं लागायला लागलं. मग तो रेघेवर तिला उभं करून श्वास कसा घ्यायचा, हात कसे ठेवायचे यावर पाऊण पाऊण मिनिट बोलायचा, आणि मुठीत घड्याळ पळत असायचं. पोरं आपसात म्हणायची, सर पोरीला लईच समजावून सांगतात.

एकदा पाटलांचा कल्याण, तोही भरतीच्याच तयारीतला, मध्येच बोलून गेला. ‘सर, माझ्या मोबाईलवर अक्षताचे सहा पंचावन्न आले.’

राजानंद त्याच्यावर एवढा ओरडला की लिंबावरची पाखरं उडाली. ‘मैदानावर मोबाईल बिलकुल न्हाई! तिकडं काय मोबाईलवर मोजणार हाय का तुझा मामा?’ कल्याण चरकला. अक्षता खालमानेनं म्हणाली, ‘त्याचंच चुकलं असंल, पप्पा.’ तिचा तो विश्वास बघून राजानंदला त्या दिवशी भाकर गेली नाही. उद्यापासून बंद करायचं असं त्यानं ठरवलं, आणि उद्या पुन्हा बटण आधी दाबलं. बंद केलं की एकदम चाळीस-पंचेचाळीस सेकंद कमी होणार होते. ते कुठून आले, हे तिला काय सांगणार?

भरती पुण्याला होती. निघताना घड्याळाच्या हिशेबानं ती सात पस्तीसवर होती, म्हणजे नापास. ‘त्या दिवशी चालले पाय तर चालले,’ ती आईला म्हणाली. राजानंद सोबत गेला आणि जाळीबाहेर उभा राहिला. पहिल्या फेरीतच त्याला कळून चुकलं. ती पुढं होती आणि पुढंच राहिली. सहा मिनिटं छत्तीस सेकंद. गटात पहिली. जाळीपाशी पळत आली तेव्हा तिला विश्वासच बसत नव्हता. ‘पप्पा, साहेबानं दोनदा बघितलं घड्याळ!’ राजानंदनं जाळीतून तिची बोटं धरली. आपणच तिला एवढं पळवलं हे त्याला त्या क्षणी समजलं. रडू आलं ते लोकांना आनंदाचं वाटलं.

पुढं कागदपत्रं, डॉक्टरी, लेखी, सगळं झालं आणि तिचं नाव यादीत आलं. गावात वाजतगाजत मिरवणूक निघाली. कल्याणनं तोवर मोबाईलची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती आणि तिचा अर्थही गावानं आपसूक लावला होता. सर मुद्दाम वेळ वाढवून सांगत होते, म्हणून तर पोरगी जिवाच्या आकांतानं पळाली! काय डोकं आहे माणसाचं! सत्कारात बद्रीनाथ पाटलांनी स्वतः राजानंदच्या गळ्यात हार घातला, शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, ‘सर, आमच्या कल्याणलाबी असंच फसवा.’ सगळे हसले. आठवड्यात मैदानावर चौदा नवीन पोरं आली.

जायच्या दिवशी सकाळी विहारात वंदना ठेवली होती. घरातून निघताना अक्षतानं नवे बूट घातले, नाड्या आवळल्या आणि सहज विचारलं, ‘पप्पा, लोक म्हणून राह्यले ते खरं हाय ना? मी जास्त पळावं म्हणूनच ना?’

तिला ‘हो’ ऐकायचं होतं. ‘न्हाई’ म्हटलं तर पोरगी बापानं पाय ओढल्याचं ओझं घेऊन जाणार, तेही परक्या मुलखात.

‘हो,’ राजानंद म्हणाला. या वेळी घड्याळ नव्हतं, तोंड त्याचं होतं.

विहारात बापलेक शेजारी उभे राहिले. पहिलं शील आलं आणि सवयीनं त्याचे ओठ मिटले. अक्षतानं ते मोठ्यानं म्हटलं. दुसरं, तिसरं दोघांनी म्हटलं. चौथं आलं. राजानंदनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. किती केलं तरी फुटला नाही.

पाचवं शील सुरू झालं तेव्हा अक्षताचा आवाज त्यात नव्हता. ती बापाच्या तोंडाकडं बघत होती. पहिल्याला तो गप्प राहतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं, शेडमध्ये त्यानं सांगितलं तेव्हा त्याचं कारणही कळलं होतं. चौथ्याला गप्प राहिलेला तिनं आज पहिल्यांदा पाहिला.

बाहेर बेबीनंदा बायकांच्या घोळक्यात डोळे पुसत होती. बस यायला दहा मिनिटं होती. अक्षतानं बॅग खांद्याला लावली आणि हळू आवाजात विचारलं, ‘बटण किती आधी दाबत होते?’

‘वीस सेकंदांपासून सुरू केलं. शेवटी पाऊण मिनिट.’

‘मी जाऊ नये म्हणून.’

त्यानं होकाराची मान हलवली.

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही. रस्त्याकडं बघत म्हणाली, ‘आणि त्या एकवीस पोरांच्या वेळी? तवा घड्याळ बराबर होतं ना, पप्पा?’

बस आली. ती आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाया पडली आणि चढली. खिडकीतून तिनं हात हलवला, तो दोघांना होता की एकट्या आईला हे राजानंदला कळलं नाही.

तो घरी गेला नाही. पाय मैदानाकडंच वळले, दुसरीकडं जायची त्यांना सवय नव्हती. चौदा नवीन पोरं रेघेवर उभी होती, सगळ्यांत पुढं कल्याण. ‘जय हिंद, सर!’ सगळे एकदम ओरडले. वर फ्लेक्सवर एकवीस फोटोंच्या शेजारी बाविसावा फोटो लागला होता. राजानंदनं खिशातून घड्याळ काढलं. खोटी वेळ दाखवली तर ही पोरं आणखी जोरात पळतील. खरी दाखवली तरी पळतीलच. घरी जा म्हणावं असं त्याच्या फार मनात आलं, पण घरी काय आहे, हे ती पोरं त्याच्यापेक्षा चांगलं जाणत होती.

त्यानं शिट्टी फुंकली आणि त्याच क्षणी बटण दाबलं.