शोभाबाईचा डावा पाय

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीत शोभाबाईला नावानं कमी आणि पायानं जास्त ओळखत. ती पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेली. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, ही समजूत खानदेशातून सुरतेला आलेल्यांनी येताना बरोबरच आणली होती. रात्रपाळी सुटली की कापडाच्या लूमवरचा कुणीतरी कंबर धरून यायचा आणि तिच्या ओट्यावर पालथा पडायचा. शोभाबाई तव्यावरची भाकरी उलटायची, हात पुसायची, डावा पाय त्याच्या पाठीला नुसता टेकवायची.

"ऊठ, गयी तुनी उसण."

माणूस हसत उठायचा. एवढ्या मोठ्या शहरात तिला मिळालेला हा एकच मान होता.

भिकन तिचा धाकटा दीर. लग्न व्हायचं होतं. तिनंच हट्टानं त्याला गावाहून आणून लूमवर लावलेला. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सुताचा बीम उचलताना पुढच्याचा पाय घसरला आणि त्या लोखंडी रुळाचा सगळा भार भिकनच्या कमरेत उतरला. तिथून जी कळ निघाली ती थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. शोभाबाईनं पाय लावला. दुसऱ्या दिवशी परत लावला. काही फरक नाही.

"वहिनी, तुमना पाय आते जुना व्हयना," भिकन कण्हता कण्हता म्हणाला. त्यानं चेष्टा केली होती. तिला ती लागली.

मग एमआरआय झाला. मोठ्या पाकिटात काळे फोटो आणि दाट इंग्रजीत भरलेला कागद. शोभाबाईचा नवरा सुकदेव, भिकन आणि ती, तिघं पर्वत पाटियाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं फोटो ट्यूबलाइटसमोर धरला.

"चौथे और पांचवें मणके के बीच की गद्दी पीछे खिसक गई है. नस दब रही है. गोली लो, आराम करो."

सुकदेवनं कागद पुढे केला. "और ये इतना सारा क्या लिखा है, साहब?"

"वही लिखा है." डॉक्टरनं घंटी वाजवली. दुसरा पेशंट आत आलासुद्धा.

आराम कर म्हणायला डॉक्टरचं काय जात होतं? शेठनं आधीच सांगून ठेवलं होतं, सोमवारी उभा राहिला नाहीस तर तुझे लूम दुसऱ्याला देतो. संध्याकाळी ओट्यावर चर्चा बसली. शेजारचा पंडित, लूमवर केस पिकलेला माणूस, म्हणाला, "डॉक्टर काय बोलला? गादी मागे आली. मागे आलेली पुढे ढकलायची. निखळलेला हात बसवतातच ना?"

सगळ्यांना पटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी समजेल असं बोललं होतं.

शोभाबाई मात्र घुटमळली. "पाय टेकायचा असतो, दाबायचा नसतो. आईनं सांगितलंय."

"तुझ्या आईनं एमआरआय कुठं पाहिला होता?" सुकदेव म्हणाला.

"दाबा वहिनी," भिकन जमिनीत तोंड खुपसून म्हणाला. "मी म्हणस ना, जोर लावा."

तिनं दाराची चौकट धरली आणि अंगाचा सगळा भार डाव्या पायावर घेतला. भिकन एकदाच ओरडला. मग हळूच म्हणाला, "हलकं वाटस." कळ खरंच ओसरली होती. पंडितनं सगळ्यांसाठी चहा मागवला. शोभाबाईचा पाय जुना झाला नव्हता.

सकाळी भिकन नळाकडे निघाला. त्याची डावी चप्पल वाटेतच मागे राहिली आणि त्याला पत्ता नव्हता. पाऊल घोट्यापासून चिंधीसारखं लोंबत होतं.

मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तोच कागद घेतला आणि भिकनच्या पाठीवर बोट ठेवत ओळ न ओळ सांगितली. कमरेचे मणके पाच, हा चौथा, हा पाचवा. डेसिकेशन म्हणजे चकतीतला, म्हणजे मधल्या गादीतला, ओलावा गेलेला. एक्सट्रुजन म्हणजे चकती नुसती फुगलेली नाही, फाटून आतला गर बाहेर आलाय. रूट कॉम्प्रेशन म्हणजे पायाकडे जाणाऱ्या नसेच्या मुळावर तो बसलाय. आणि शेवटी लिहिलंय की सर्जनला तातडीनं दाखवा.

"हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं ना," सुकदेव म्हणाला. "खिसकली म्हणून."

"दुखायचं कधी थांबलं?"

"काल संध्याकाळी. एकदम."

"ते बरं झालं नव्हतं. नस बधिर झाली होती." बाईंनी मान वर केली. "पाठीवर कुणी वजन दिलं होतं?"

सुकदेव खिडकीकडे बघू लागला. शोभाबाईनं साडीच्या निऱ्यांत पाऊल ओढून घेतलं.

"नाही, बाई," भिकन म्हणाला. "कुणीच नाही."

ऑपरेशन झालं. पावलात जोर परत आला नाही. बाईंनी एवढंही सांगितलं होतं की नस आधीच जायला आली होती, कशानंही गेली असती. सुकदेवनं ते वाक्य गल्लीभर फिरवलं. शोभाबाईला त्याचा उपयोग नव्हता. कशानंही गेली असती, पण गेली तिच्या पायाखाली.

लूम गेले. भिकन दिवसभर दाराशी खाटेवर बसून साड्यांचे लोंबते दोरे कापू लागला. चप्पल गळू नये म्हणून तो ती पायाला सुतळीनं बांधायचा. इस्पितळातल्या त्या "कुणीच नाही"बद्दल दोघांत कधी शब्द निघाला नाही. वहिनी म्हणणं मात्र त्यानं सोडून दिलं. पाणी हवं असलं की तांब्या वाजवायचा.

दिवाळीनंतर पलीकडच्या गल्लीतली सुंदरा कंबर धरून आली. "शोभाबाई, जरा पाय लावा ना. हंडा उचलताना उसण भरनी."

शोभाबाई पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी पायाळू नाही," ती म्हणाली. "माझ्या आईनं उगीच उठवलं होतं. मी डोक्याकडूनच जन्मले, सगळ्यांसारखी."

सुंदरा ओशाळून निघून गेली. खाटेवरची कात्री थांबली.

"हे आधी सांगायचं होतं, वहिनी," भिकन म्हणाला, आणि पुन्हा दोरे कापू लागला.